तेरा वर्षांच्या मुलीला ब्रेसेस: आधी चार चांगले दात काढावेत का?

मुलुंडची_आई

नमस्कार. माझी मुलगी १३ वर्षांची असून आठवीत शिकते. तिचा वरचा उजवा सुळा हिरडीत बराच वर, रांगेच्या बाहेर उगवला आहे आणि खालचे पुढचे चार दात एकमेकांवर चढले आहेत. आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी ब्रेसेसचा सल्ला दिला, म्हणून दोन ऑर्थोडॉन्टिस्टांना, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना, दाखवले. दोघांनीही ओपीजी (सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे) आणि बाजूने काढलेला सेफॅलोग्राम (डोके व जबड्याचा एक्स-रे) पाहिला, दोघांनीही दातांची मापे घेतली आणि तरीही दोघांची मते अगदी उलट पडली.

पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे असे की वर सुमारे ८ आणि खाली सुमारे ६ मिलिमीटर जागा कमी आहे, शिवाय दोन्ही ओठ पुढे आहेत. त्यामुळे सुळ्यामागची पहिली लहान दाढ, म्हणजे प्रीमोलर, वर-खाली दोन्ही बाजूंची काढावी आणि मग तारा लावाव्यात. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते एकही दात काढण्याचे कारण नाही. वरचा जबडा रुंद करून आणि पुढच्या दातांच्या कडा किंचित घासून पुरेशी जागा होईल. खर्चात फारसा फरक नाही. पहिल्यांनी दोन ते अडीच वर्षे सांगितली आहेत, दुसऱ्यांनी दीड.

घरात अर्थातच दुसऱ्या डॉक्टरांचे पारडे जड आहे. सासूबाईंना खात्री आहे की वरचे दात काढले की नजर अधू होते. यजमानांचे म्हणणे इतकेच की जो डॉक्टर दात वाचवतो तो बरा. मला नजरेचे पटत नाही, पण न किडलेला, न हलणारा दात मुद्दाम काढून टाकायचा आणि तोही एकदम चार, याला मन धजावत नाही, हे खरे. दुसरीकडे एक गोष्ट मला रोज दिसते. मुलगी ओठ मिटून बसली की तिच्या हनुवटीवर बारीक खड्डे पडतात, जणू ओठ मिटण्यासाठी ती हनुवटी वर खेचते आहे. आणि अभ्यासात गुंगली की ओठ आपोआप उघडे राहतात. याचा या निर्णयाशी काही संबंध आहे का, हे दोन्ही ठिकाणी विचारायचे राहून गेले.

काढायचाच असेल तर तो वर चढलेला वाकडा सुळाच का काढत नाहीत? चार दात काढलेल्या मुलींचा चेहरा पुढे तिशीत बसका दिसतो असे ऐकले, त्यात तथ्य किती? आणि आधी न काढता सुरुवात करून गरज पडलीच तर नंतर काढले, तर चालते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दंतशिक्षक_दादर

मी ऑर्थोडॉन्टिक्स अनेक वर्षे शिकवले आहे. मुलीला न पाहता निर्णय देणे योग्य नाही आणि मी तो देणारही नाही, पण निर्णय कशाकशावर ठरतो हे सांगू शकतो.

दोन तज्ज्ञांची मते उलट पडली म्हणजे त्यांतला एक चुकीचाच असला पाहिजे असे नाही, कारण आपण दिलेले आकडे नेमके वादाच्या पट्ट्यात येतात. रूढ संकेत असा आहे की एका जबड्यातली जागेची तूट ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दात काढण्याची वेळ क्वचितच येते, आणि १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर काढल्यावाचून सहसा भागत नाही. मधल्या ५ ते ९ मिलिमीटरच्या रुग्णांत निव्वळ तुटीवर काहीच ठरत नाही. ओठ कुठे आहेत, खालचे पुढचे दात आधीच किती बाहेर कललेले आहेत, त्यांच्या पुढ्यातली हिरडी व हाड किती जाड आहे, दात मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकतात की मध्ये फट राहते आणि चेहऱ्याची वाढ लांबट होते आहे की रुंद, यांवर ते ठरते. म्हणून 'दात काढायचे की नाही' हे थोडे बाजूला ठेवून दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: जागा कुठून आणणार, आणि उपचार संपेल तेव्हा खालचे पुढचे दात कुठे उभे असतील?

दुसऱ्या डॉक्टरांच्या योजनेचा हिशोब मांडून पाहू. वरच्या टाळूच्या मध्यावर हाडाचा एक सांधा असतो. १३ व्या वर्षी तो बऱ्याच मुलींमध्ये पुरता जुळलेला नसतो, त्यामुळे टाळूत स्क्रूचे उपकरण बसवून वरचा जबडा खरोखर रुंद करता येतो. खालच्या जबड्यात असा उघडता येण्याजोगा सांधा नसतो. त्याचे दोन भाग बाळाच्या पहिल्या वर्षातच एकसंध होतात. तेव्हा 'खालचा जबडा रुंद करणे' याचा व्यवहारातला अर्थ दात बाहेरच्या बाजूला कलवणे एवढाच उरतो, आणि दोन खालच्या सुळ्यांमधले वाढवलेले अंतर तारा निघाल्यावर पुन्हा कमी होऊ पाहते, हा जगभरचा अनुभव आहे. राहिले कडा घासणे. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दात, त्यांच्यामध्ये पाच फटी. प्रत्येक फटीत जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर धरला तरी अडीच मिलिमीटर होतात. तूट ६ ची. उरलेले साडेतीन मिलिमीटर बहुतांशी पुढचे दात पुढे कलवूनच मिळणार. ज्या मुलीचे खालचे दात मुळात आत झुकलेले आहेत आणि ओठ बसके आहेत, तिला हे उत्तम मानवते. ज्या मुलीचे दात आधीच हाडाच्या पुढच्या कडेला आहेत, तिच्या बाबतीत लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसतो तसे होते: बसतो खरा, पण निम्मा हवेत.

आता पहिल्या डॉक्टरांचा हिशोब. पहिली प्रीमोलर साधारण ७ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दोन काढल्या की एका जबड्यात १४ मिलिमीटर जागा होते. खालची तूट ६, म्हणजे ८ उरले. हे ८ मिलिमीटर आपोआप कुठे जात नाहीत. काही भाग पुढचे दात मागे घेण्यात खर्च होतो, काही मागच्या दाढा पुढे सरकवून मिटवला जातो, आणि कोणाचा वाटा किती हे डॉक्टरांनी आधीच ठरवायचे असते. दाढा जागच्या जागी राखायच्या असतील तर हाडात बारीक मिनी-स्क्रू बसवून त्यांचा आधार घेतात. चेहरा बसका होण्याची भीती खरी ठरते की खोटी, ते इथे कळते. ओठ मुळात बसके असलेल्या मुलीचे पुढचे दात आणखी मागे ओढले, तर चेहरा खरोखरच बिघडतो. ओठ पुढे असलेल्या मुलीत तेच दात मोजून मागे घेतले, तर ओठ विनासायास मिटू लागतात. दात जितका मागे जातो तितका ओठ जात नाही, त्याहून कमीच जातो. शिवाय १३ व्या वर्षी नाक आणि हनुवटीची वाढ अजून पुरी झालेली नसते, तीही हिशोबात धरावी लागते.

म्हणूनच आपण हनुवटीवरच्या खड्ड्यांविषयी लिहिलेले वाक्य मला सबंध प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाटले. ओठ मिटताना हनुवटीचा स्नायू आवळला जाणे म्हणजे दातांवरून ओठ सहज मिटत नाहीत. दोन्ही ठिकाणी हे आवर्जून सांगा आणि मुलगी सैल बसलेली असताना डॉक्टरांना स्वतः पाहू द्या. मात्र कारण दातांचेच आहे की नाक चोंदण्याचे, तेही तपासायला हवे. मुलगी रात्री तोंडाने श्वास घेत असेल किंवा घोरत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

सुळा का काढत नाहीत, हे बहुतेक पालक विचारतात, कारण वाकडा दिसतो तो तोच. सुळ्याचे मूळ सर्व दातांत लांब असते, तोंडाच्या कोपऱ्याला उभार त्याच्यामुळे येतो आणि जबडा डावी-उजवीकडे सरकतो तेव्हा भार तोच पेलतो. त्याच्या मागची पहिली लहान दाढ गेली तर तिचे काम दुसरी लहान दाढ निभावते, आणि जागा नेमकी गर्दीच्या शेजारी मोकळी होते. पण हा नियम अटळ नाही. मुलीची एखादी मोठी दाढ खोल किडलेली असेल किंवा रूट कॅनाल झालेली असेल, तर निरोगी लहान दाढेऐवजी तीच काढण्याचा विचार करावा लागतो.

सासूबाईंना निःशंकपणे सांगा की वरच्या दातांची नस आणि दृष्टीची नस मेंदूतून निघतानाच वेगळ्या असतात. दात काढल्याने नजर जात नाही.

आधी न काढता सुरुवात करून सहा महिन्यांनी फेरविचार करणे ही मान्य पद्धत आहे, आणि काठावरच्या रुग्णांत मी स्वतः ती वापरली आहे. तिचा तोटा असा की दात आधी पुढे जातात आणि मग मागे आणावे लागतात. त्यात वेळ जातो आणि मुळांवर ताण येतो. ज्याची तूट स्पष्ट आहे त्याला ही फेरी घडवू नये.

पार्लेकर_आई

माझ्या दोन्ही मुलांना एकाच डॉक्टरांनी तारा लावल्या. मोठ्या मुलीचे चार दात काढले आणि धाकट्याचा एकही नाही. दोघांची दातांची गर्दी मला सारखीच दिसत होती. डॉक्टरांनी दोघांचे बाजूने काढलेले फोटो शेजारी ठेवले, तेव्हा फरक माझ्याही डोळ्यांना दिसला: मुलीचे ओठ नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत धरलेल्या रेषेच्या बरेच पुढे होते, मुलाचे त्या रेषेच्या मागे. मुलगी आता नोकरीला लागली आहे आणि तिचा चेहरा कुठेही बसका दिसत नाही.

दात काढण्याचे दुखणे फार नसते. सुई टोचताना काय ते. नंतर दिवसभर गार दही-भात आणि आइस्क्रीम. त्रास पुढच्या महिन्यांत होतो, आणि त्याची कल्पना मुलीला आधीच द्यावी. हसले की सुळ्यामागची मोकळी जागा सरळ दिसते, वर्गात कोणीतरी बोलतेच. पोळीचा तुकडा तिथे हमखास अडकतो. दात मागे सरकू लागले की तारेचे टोक मागून बाहेर येते आणि गालाला बोचते. तेवढ्यापुरते दवाखान्यातून दिलेले मेण लावावे आणि दुसऱ्या दिवशी टोक कापून घ्यावे. आमच्याकडे दिवाळीत चकली आणि कडक बुंदीचे लाडू दोन वर्षे बंद होते, पेरू आणि कणीस बारीक कापून किंवा दाणे काढून. एकदा शेंगदाण्याच्या चिक्कीने ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला तार धरणारा तुकडा) निघाले आणि पुढची तारीख येईपर्यंत तो दात जागचा हलला नाही. दात काढलेल्या मुलांनी तारीख चुकवली की ते लगेच कळते, एवढे मी दोघांच्या तुलनेवरून सांगते.

रिटेनरविषयी, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागी राखणाऱ्या साधनाविषयी, आत्ताच विचारून ठेवा. दोन्ही मुलांच्या खालच्या दातांना आतून चिकटवलेली बारीक तार आजही आहे आणि रात्री घालायचा पारदर्शक साचाही आहे. दात काढले म्हणून पुन्हा गर्दी होणार नाही, असे आमच्या डॉक्टरांनी कधीही म्हटले नाही.

बोरिवली_पश्चिम

मला विरुद्ध बाजू मांडायची आहे. चार दात काढून पुढचे दात मागे ओढले की जिभेला जागा कमी पडते, जीभ मागे जाते, श्वासमार्ग अरुंद होतो आणि पुढे घोरणे व जबड्याच्या सांध्याचे दुखणे मागे लागते, असे सांगणारे अनेक दंतवैद्य आज इंटरनेटवर आहेत. वाढत्या वयात जबडा रुंद करण्याची संधी असताना दात काढून दातांची रांग आणखी लहान करणे मला तर्काला धरून वाटत नाही.

दुसरे माझ्या घरातले. माझ्या भाच्याचे चार दात काढले, तारा लागल्या, आणि उपचार अर्ध्यावर असताना त्याच्या वडिलांची बदली झाली. नव्या गावी दुसऱ्याचे अर्धवट काम घ्यायला कोणी उत्सुक नव्हते. ज्यांनी घेतले त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पैसे लावले आणि वरच्या दोन्ही जागा आजही पूर्ण मिटलेल्या नाहीत. दात न काढता उपचार अर्धवट राहिला, तर दात वाकडे राहतात. दात काढल्यावर अर्धवट राहिला, तर तोंडात भोके राहतात. ज्यांच्या घरी बदलीची नोकरी आहे त्यांनी याचा विचार करावा.

दंतशिक्षक_दादर

बदलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो निर्णयाचाच भाग आहे आणि डॉक्टर बहुधा तो विचारत नाहीत. गाव सोडावे लागलेच तर सुरुवातीची मापे, एक्स-रे, फोटो आणि आतापर्यंत काय केले याची लेखी नोंद मागून घ्या. ती असली की पुढचा डॉक्टर काम स्वीकारायला तयार होतो.

श्वासमार्ग आणि सांधा यांविषयी मात्र थोडे मागे जावे लागेल, कारण हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांचा आग्रह होता की निसर्गाने दिलेले सर्व दात तोंडात बसलेच पाहिजेत. कॅल्व्हिन केस यांनी १९११ साली अमेरिकेत उघडपणे त्याला विरोध केला, पण त्या काळी अँगल यांच्या मताचा पगडा कायम राहिला. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसले की दात न काढता सरळ केलेले आपलेच कित्येक रुग्ण पुन्हा बिघडत आहेत. त्यांनी अशा रुग्णांचे दात काढून नव्याने उपचार केले आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ऑस्ट्रेलियाचे बेग हेही अँगल यांचेच विद्यार्थी. त्यांची पद्धत आमच्या पिढीने महाविद्यालयात सर्वप्रथम शिकली आणि तिच्यात पहिली लहान दाढ काढणे जवळजवळ गृहीतच असे. त्या काळात गरजेपेक्षा जास्त दात काढले गेले, हे मी मान्य करतो; आजच्या अनेक आज्यांच्या मनातली भीती तिथूनच आली असावी.

१९८७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका रुग्णाने दात काढून केलेल्या उपचारामुळे जबड्याचा सांधा बिघडल्याचा दावा लावला आणि ज्यूरीने मोठी भरपाई देवविली. त्यानंतर दात काढण्याचे प्रमाण घटले आणि यावर संशोधनही भरपूर झाले. त्यातून दात काढल्याने सांध्याचा विकार होतो असे निघाले नाही. श्वासमार्गाबाबत अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. २०१९ मधील तिच्या अहवालात, दात काढल्याने झोपेतील श्वासरोध होतो या म्हणण्याला उपलब्ध पुराव्यांचा आधार नाही, असे म्हटले आहे. इंटरनेटवरचे सगळेच दंतवैद्य खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही, पण 'एकही दात न काढता' ही आज जाहिरातीतली ओळ झाली आहे, आणि जाहिरातीच्या ओळीवरून उपचार ठरवू नयेत.

दात काढण्याच्या बाजूनेही अतिशयोक्ती होते, तीही सांगतो. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पहिल्या लहान दाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांचा दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ पाठपुरावा झाला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे खालचे पुढचे दात पुन्हा कमी-अधिक वाकडे झालेले आढळले. न काढलेल्यांतही हे होते. दात काढल्याने जागा मिळते आणि ओठांची ठेवण सुधारता येते. दात जन्मभर सरळ राहण्याची हमी त्यातून मिळत नाही. ते काम रिटेनरचे.

वाचकांपैकी ज्यांची मुले अजून ९-१० वर्षांची आहेत त्यांच्यासाठी एक जोड. खालची शेवटची दुधाची दाढ तिच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातापेक्षा रुंद असते. ती पडण्याच्या सुमारास एक साधी तार बसवून ठेवली तर दोन्ही बाजूंना मिळून काही मिलिमीटर जागा फुकट वाचते, आणि काठावरचे कित्येक रुग्ण दात न काढण्याच्या बाजूला येतात. प्रस्तुत मुलीच्या बाबतीत ती वेळ टळून गेली आहे.

परळ_भोईवाडा

खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी लिहितो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्सचा पदव्युत्तर विभाग आहे. उपचार एम.डी.एस.चे (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात आणि खर्च खाजगी दवाखान्याच्या तुलनेत पुष्कळच कमी असतो. एका रुग्णाच्या मापांवर आणि एक्स-रेवर वरिष्ठ-कनिष्ठ मिळून चर्चा करतात, त्यामुळे दात काढण्याचा निर्णय सहसा एकट्याचा नसतो.

गैरसोयीही आहेत. सकाळी नोंदणीची रांग, एका भेटीत निम्मा दिवस, मुलीची शाळा बुडणे, आणि पालकांपैकी एकाची रजा. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने आपला विद्यार्थी डॉक्टर मध्येच उत्तीर्ण होऊन गेला तर रुग्ण दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून शक्य तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे नाव लागेल असे पाहावे. आपल्याला उपचार तिथे घ्यायचे नसले, तरी खाजगीतल्या दोन मतांमध्ये अडकलेल्या माणसाला तिसरे मत घ्यायला ही जागा चांगली आहे.

मुलुंडची_आई

सर्वांचे मनापासून आभार. दंतशिक्षक सरांनी सांगितलेला प्रश्न मी दोन्ही डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला.

दुसऱ्या डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले की खालचे दात काही अंश पुढे कलतील, आणि ओठ आणखी पुढे वाटले तर दात काढण्याचा विचार सहा महिन्यांनी करू. पहिल्या डॉक्टरांनी सेफॅलोग्रामवर रेषा आखून दाखवल्या. त्यांत खालचे पुढचे दात आत्ताच पुढे झुकलेले आहेत आणि त्यांच्यापुढचे हाड पातळ आहे. हनुवटीवरचे खड्डे दोघांनीही पाहिले. नाकाची तपासणी झाली, तिथे अडचण नाही. उरलेले ८ मिलिमीटर कसे वापरणार, हेही पहिल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले: पुढचे दात थोडे मागे, बाकी दाढा पुढे, स्क्रूची गरज नाही.

मुलीला आम्ही दोन्ही योजना समजावल्या आणि तिने सरळ विचारले की ओठ कशाने मिटतील. त्यामुळे दात काढण्याचे ठरले आहे. बदलीचा प्रश्न आमच्याकडे नाही. सासूबाई पूर्ण पटल्या नाहीत, पण विरोध मावळला आहे. सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुटीत दात काढून घ्यायचे आहेत. चारही एकाच दिवशी काढतात का, आणि ऑर्थोडॉन्टिस्टच काढतात की दुसरे कोणी? आणखी कशाकडे लक्ष द्यावे?

दंतशिक्षक_दादर

सहसा एका भेटीत एका बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन काढतात आणि आठवड्याभराने दुसरी बाजू, म्हणजे चावायला एक बाजू मोकळी राहते. काढण्याचे काम बहुधा तोंडाच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ किंवा आपले नेहमीचे दंतवैद्य करतात. वरच्या पहिल्या लहान दाढेला बऱ्याचदा दोन बारीक मुळे असतात आणि ती मोडू शकतात, तेव्हा सरावाचा हात असलेला बरा. पहिले २४ तास जोरात चूळ भरू नये आणि स्ट्रॉने काही पिऊ नये, नाहीतर जखमेतली गुठळी निघून येते. तारा आधी लावायच्या की दात आधी काढायचे, याबाबत डॉक्टरांच्या पद्धती वेगळ्या असतात. दात आधी काढले तर तारा लागण्यात फार दिवस जाऊ देऊ नयेत.

एक गोष्ट मात्र आपण जातीने पाहावी. ऑर्थोडॉन्टिस्ट दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतील, तिच्यावर दातांचे क्रमांक असतील: १४, २४, ३४, ४४. पहिला अंक तोंडाच्या चार भागांपैकी कोणता ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. आपल्या मुलीचा वरचा उजवा सुळा रांगेबाहेर आहे, त्यामुळे समोरून रांगेत मोजले तर तिसऱ्या जागी प्रीमोलर येते, आणि चौथा म्हणून बोट १५ वर पडू शकते. ही गफलत अशाच तोंडात होते. म्हणून चिठ्ठीवर क्रमांकासोबत 'उजवीकडची वरची पहिली प्रीमोलर' असे अक्षरीही लिहून घ्या, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि सुई देण्याआधी कोणता दात काढणार ते डॉक्टरांना ओपीजीवर बोट ठेवून दाखवायला सांगा.